सारजाचा ब्रेकर

निमोणे
९ डिसेंबर २००१

सारजा,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची रीत आहे. तुला आशीर्वाद द्यावा एवढी माझी पत सध्या नाही, म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात करतो.

तुझ्या भावाच्या घरी बरेच फोन केले. दर वेळी हरिबानंच उचलला. एकदा म्हणाला, "दाजी, ताई मळ्यात गेलीया." एकदा म्हणाला, न्हाणीत हाय. काल भर दुपारी म्हणाला, "झोपलीया." आपल्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, दुपारी झोपलेली तू मला कधी दिसली नाहीस. हरिबाला खोटं बोलता येत नाही, सरळ माणूस आहे, त्याला कशाला संकटात घालायचं? फोन आपटता येतो, पत्र फार तर फाडता येतं. फाडायचं असेल तर वाचून फाड.

ग्रामसभेत मी हात वर केला, हे खरं आहे. स्टँडावरचा ब्रेकर उकरून टाकावा म्हणून जे हात वर झाले त्यात माझा होता. तू बायकांच्या बाजूला बसली होतीस. घरी आल्यावर तू एवढंच म्हणालीस, "आपल्या पोरीच्या अंगावरनं गाड्या घालायला तुमी हात वर केला." सकाळच्या गाडीनं तू खुटबावला निघून गेलीस. मी म्हशीची धार काढत होतो. पिशवी घेतलेली पाहिली, पण उठलो नाही. वाटलं, आईला बघायला चाललीस, चार दिवसांत येशील. आता महिना होत आला.

आपण दोघं त्या गोष्टीवर कधीच बोललो नाही. आपली पोर अपेक्षा गेली त्याला अडीच वर्षं होतील. तू ब्रेकरला मारायचा चुना कालवत राहिलीस, मी उसाला पाणी धरत राहिलो. आज तू समोर नाहीस तर लिहायला धीर येतोय.

टमाट्याचा टेम्पो होता. शाळा सुटली होती, पोरगी रस्ता ओलांडून घराकडे येत होती. शिरूरच्या कोर्टात तो ड्रायव्हर हात जोडून काय म्हणाला ते तुला मी तेव्हा सांगितलं नाही. त्याला त्याच दिवशी अलीकडच्या फाट्यावर पोलिसांनी धरलं होतं. जोरात चालवतोस म्हणून. पावती फाडली, त्यात वेळ गेला, आणि मार्केटला माल वेळेवर पोचला नाही तर मालक बोलेल म्हणून गेलेला वेळ भरून काढायला त्यानं गाडी आणखी हाणली. "दंड झाला न्हसता तर मी एवढ्या जोरात आलोच न्हसतो साहेब," असं म्हणाला. कोर्टात कोणी हसलं नाही. मला मात्र हसू आलं, आणि मग बाहेर येऊन पायरीवर बसून राहिलो. त्या दिवसापासून मला दंड, पाटी, पोलीस, कायदा, कशाचाच राग येत नाही आणि भरवसाही येत नाही. नुसता थकवा येतो.

आणि मग पोरीचा दहावा. दहाव्याला पाहुणे टोपी-टॉवेल आणतात. आपल्याकडे माणसं मुरमाची घमेली घेऊन आली. कोणी ठरवलं होतं कोण जाणे. नदीवरचे विधी आटोपले आणि सगळा गाव स्टँडावर. ज्यानं त्यानं आपलं घमेलं रस्त्यावर ओतलं, धुमसानं ठोकलं, रस्त्याच्या कामावरून उरलेलं डांबर वर टाकलं. पहिलं घमेलं तू ओतलंस. गुडघ्याएवढा ब्रेकर उभा राहिला. बैल गेला नि झोपा केला, असं मी मनात म्हणालो, पण ओतलं मीही.

म्हैस बरी आहे. भाकरी मी करतो, सत्यजीत खातो, म्हणजे पोटात ढकलतो. तू कधी येतेस ते कळव.

हौसराव


निमोणे
२० जानेवारी २००२

सारजा,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, मी लिहीत जाईन.

शिरूरला बांधकामच्या कचेरीत जाऊन आलो. साहेब तरुण आहे, नीट बोलला, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "तुमचं दुःख मला समजतं हो. पण तो ब्रेकर बेकायदा आहे. त्याला मोजमाप नाही, पट्टा नाही. ॲम्ब्युलन्समधली बाळंतीण जीव मुठीत धरते तिथं. उद्या आणखी कोणी पडलं तर जबाबदार कोण?" मी म्हणालो, "साहेब, पोरगी गेली तेव्हा जबाबदार कोण होतं?" त्याचं तोंड पाहून मलाच वाईट वाटलं. ब्रेकर काढायच्या आधी वेगमर्यादेची पाटी लावतो आणि पोलिसांना तपासणी लावायला सांगतो, असा शब्द त्यानं दिला. नियमातला ब्रेकर हवा असेल तर प्रस्ताव पाठवावा लागतो, तो वर जातो, वरून कधी येतो ते वरच्यालाच ठाऊक.

पाटी लागली. पांढऱ्या गोलात काळे तीस, भोवती लाल कडा. आठवड्याच्या आत तिच्या दांड्याला शेजारच्या धुरपदाची शेळी बांधलेली होती.

मग रस्ता सुरक्षा सप्ताह आला आणि पोलीस यंत्र घेऊन आले. वेग मोजायचं यंत्र, तिवईवर बसवलेलं. ब्रेकरच्या पुढं, वडाखाली ते लावलं. मी दिवसभर जवळ बसून राहिलो. सारजा, तू असायला हवी होतीस. पहिल्या चार-दोन गाड्या सापडल्या, आणि मग काय जादू झाली! शिरूरकडून येणारा समोरच्याला दिवे दाखवतो, समोरचा त्याच्या समोरच्याला. मैलभर अलीकडे सगळ्यांना कळलेलं. एरवी वाऱ्यावर स्वार झालेले ट्रक नव्या नवरीसारखे खाली मान घालून चाललेले. आणि वड मागे पडला की असा पाय दाबायचे की धुरळा आपल्या ओसरीपर्यंत. हवालदार आपल्याकडे चहा प्यायला आला. मी विचारलं, "का हो, ह्यानं काही फरक पडतो का?" तो म्हणाला, "पडतो की आबा. आमी हाय तवर नियम हाय." म्हातारा होत आलेला होता तोही. उन्हात उभं राहून त्याचे पाय सुजले होते.

आता खरं ते लिहितो. दुपारी एक मोटारसायकल ब्रेकरवरून टुणकन उडी मारून आली आणि वडापर्यंत पोचेस्तोवर तिनं असा जोर धरला की यंत्रात बासष्ट आकडा उमटला. हवालदारानं शिट्टी मारली. हेल्मेट काढलं तर आपला सत्यजीत.

रांजणगावच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला चालला होता. उशीर झाला होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला. हवालदारानं विचारलं, "तुमचा का?" मी म्हणालो, माझा. पावती फाडा. त्यानं फाडली. जिथं बहीण गेली तिथून हाकेच्या अंतरावर, आणि बहिणीला उचलून आणणाऱ्यांत हाच होता. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाला, "आप्पा, ब्रेकरवर मी हळूच करतो. पुढं मोकळा रस्ता दिसला की हात आपोआप फिरतो. कळतच न्हाई." मला राग यायला हवा होता. आला नाही. आपल्याच पोराला कळत नाही, तर टमाटेवाल्याला कुठून कळणार, असं वाटलं आणि जेवण गेलं नाही.

त्यानंतर तो हळू चालवतोय. किती दिवस, ते बघू.

हौसराव


निमोणे
१७ फेब्रुवारी २००२

सारजा,

मेहमूदकडे जाऊन आलो. विहिरीवरची मोटार जळाली होती, तिच्यात नवी तार भरून घ्यायची होती, हे निमित्त. खरं म्हणजे दिवाळीच्या आधीपासून त्याच्या दुकानाच्या पायरीवर चढायचा धीर झाला नव्हता. माणूस जन्मभर गावाच्या विहिरींवरच्या मोटारी भरतोय, आपल्या दोघांच्या घरांत ईद-दिवाळीचं येणंजाणं, आणि त्याच्या पोराची कंबर आपल्या ब्रेकरवर मोडली.

अनिस आत खाटेवर होता. आता काठीनं मोरीपर्यंत जातो. कंपनीनं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. मला बघून उठायला लागला, मी दाबून बसवला. म्हणाला, "चाचा, मला ब्रेकर म्हाईत हुता. रोजचा रस्ता. पण त्या दिवशी पांढरं दिसलंच न्हाई. मला वाटलं, अजून पुढं हाय."

पांढरं दिसलं नाही, कारण परतीच्या पावसानं चुना धुऊन नेला होता. आणि त्या अमावस्येला तू इथं नव्हतीस, आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून खुटबावला होतीस. आणि गावात एवढी माणसं, चुना किराणा दुकानात मिळतो, ब्रश घरोघरी आहे, पण कोणी हात लावला नाही. का? तर तो सारजाचा ब्रेकर. अमावस्येला तू चुना मारायचीस, हळदकुंकू वाहायचीस, लोक येताजाता नारळ ठेवायला लागले होते. देवाच्या जागेला दुसऱ्यानं हात कसा लावायचा? मीही लावला नाही. पोपट सरपंच म्हणाला होता, "वहिनी आल्या की करतील." रस्त्यावरच्या मुरमाच्या ढिगाचं आपण देऊळ केलं, आणि देवळाला रात्री दिवाही ठेवला नाही.

बेगम वहिनींनी चहा दिला. तुझी चौकशी केली. मी म्हणालो, माहेरी आहे, आई आजारी. त्या म्हणाल्या, "आई आजारी हाय ते खरं, पण ती माझ्यापायी येत न्हाई. मला तोंड दावायला लाजती. भावजी, तिला सांगा, चुना पावसानं नेला, तिनं न्हाई नेला. आन् दवाखान्यात पोराला बघायला सगळा गाव आला, तेवढी तीच न्हाई आली. त्याचाच मला राग हाय. बाकी कशाचा न्हाई."

शब्द जसे आले तसे लिहिलेत. त्यात माझं काही नाही.

मेहमूदला मी सांगितलं की ब्रेकर निघणार, मी हात वर केलाय. तारेचं वेटोळं उलगडत होता. ते त्यानं खाली ठेवलं. मग म्हणाला, "माझ्या पोरासाठी काढू नका हौसराव. आमच्यावर ते ओझं नको. उद्या तिथं कुणाचं लेकरू गेलं तर लोक म्हणतील, मेहमूदच्या पोरापायी काढला." ठेवला तरी कोणाचं तरी पोर, काढला तरी कोणाचं तरी पोर. आपल्या पोरीसाठी दुसऱ्याच्या पोरांनी कंबर मोडून घ्यावी, हे मला सहन होत नाही म्हणून हात वर केला. दुसरं कारण नव्हतं. तुझ्यावर बोट नव्हतं त्यात.

मोटार तो उद्या देतो म्हणालाय. उसाला पाणी चुकलंय.

हौसराव


निमोणे
१४ एप्रिल २००२

सारजा,

ब्रेकर निघाला. तुला हरिबाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहायला बसलो.

गुरुवारी सकाळी जेसीबी आला. धुरपदा आडवी आली. रस्त्यात बसली आणि म्हणाली, "सारजाला येऊं द्या, मंग काढा. तिच्या माघारी चोरी करताय व्हय रं?" पोपट सरपंच समजावत होता, ती त्याला त्याच्या बापाच्या नावानं शिव्या देत होती. शेवटी मी तिला उठवायला गेलो. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली. मग स्वतःच उठली, शेळी सोडून घेऊन गेली.

जेसीबीच्या चार फटक्यांत काम संपलं. आपल्याला वाटलं होतं डोंगर रचलाय. ढिगारा ट्रॉलीत भरून ओढ्याकडे नेला. वरचे नारळ मी आधीच काढून नदीत सोडले होते. कोणाला पाय लागू दिला नाही, एवढं तुला सांगून ठेवतो.

आता रात्रीचं सांगतो. तू मला एकदा म्हणाली होतीस, आठवतं का, पहिल्या वर्षी? अंथरुणात पडल्या पडल्या म्हणालीस, "ऐकलं का? ट्रक हुता. हळू झाला." मग पुन्हा दणका, "ही जीप. हीबी हळू झाली." प्रत्येक दणक्यासरशी तुला वाटायचं, कोणीतरी पोरीपाशी थांबून गेलं. मला त्या दणक्यानं झोप यायची नाही आणि तुला त्याच्याशिवाय यायची नाही. आपण दोघं एकाच घोंगडीखाली दोन गावं असल्यासारखे पडून राहायचो. मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं की मला त्या प्रत्येक दणक्याला तो टेम्पोच ऐकू येतो. नाही सांगितलं. वाटलं, बाईला एवढा एक आधार आहे, तो कशाला काढून घ्या?

आता दणका नाही. गाड्या सरळ जातात. मला झोप लागेल असं वाटलं होतं. नाही लागत. गाडीचा आवाज लांबून येतो, मोठा मोठा होतो, आणि थांबत नाही, तसाच निघून जातो. त्यात हळू होणं कुठंच नाही. मी कान देऊन पडून राहतो. तुझी सवय मला लागली आणि तू इथं नाहीस.

पाटी आहे जागेवर. तिच्यावर खासगी शिकवणीची जाहिरात चिकटवली होती, तीसमधलं शून्य झाकलं गेलं होतं, म्हणजे वेगमर्यादा तीन. बैलगाड्यासुद्धा दंडाला पात्र. तू असतीस तर हसली असतीस, निदान पदर तोंडाला लावला असतास. मी ती जाहिरात खरवडून काढली.

शाळेला परीक्षेनंतर सुट्टी लागेल. तोवर पोरं धावत ओलांडतात. मास्तर हाकारे घालतात, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मी चुकलो असेन. मला माहीत नाही, सारजा. मला खरंच माहीत नाही. फार दमलोय. ये.

हौसराव


खुटबाव
२८ एप्रिल २००२

सत्यजीतच्या आप्पांस,

तुमची सगळी पत्रं वाचली. फाडली न्हाईत. तुमी लिवता लई, पण मला काई इचारत न्हाई.

अनिस पडला त्या दिवशी मी हितं आईला पेज पाजत हुते. अमावस्या हाय ह्ये मला म्हाईत हुतं. चुन्याची आठवणबी झाली. म्हणलं, एक महिना गेला तर काय हुतंय. मंग सांगावा आला. त्या दिवसापासनं मी वाट बघत हुते, कोण मला बोलतंय. बेगम बोलंल, मेहमूद भावजी बोलतील, गाव बोलंल. कुणीच बोललं न्हाई. तुमीबी न्हाई. आन् सभेत तुमी हात वर केला तवा मला वाटलं, ह्ये आता बोलले.

तुमी लिवलंय तसं न्हवतं, आसं तुमी म्हणता. आसंल. पण तवा मला तसंच वाटलं, आन् एकदा वाटलेलं सहजासहजी जात न्हाई.

ब्रेकर काढला ते बरं केलं का वाईट, मी सांगू शकत न्हाई. माझी पोरगी गाड्या जोरात हुत्या म्हणून गेली. बेगमचा पोरगा आपण गाड्या हळू करायला गेलो म्हणून पडला. मला आता ह्यातलं काईच कळत न्हाई. तुमाला कळत असंल तर सांगा. जूनमधी शाळा उघडंल. पोरं सुटतील, आन् पोरं ती पोरंच, धावतच सुटणार. तवा त्या रस्त्यावर काय आसंल? पाटी?

ह्याचं उत्तर द्या. बाकी काई लिवू नका.

आईला आता बसवता येतं. हरिबा म्हणतो खोटं बोलून बोलून त्याच्या जिभेला फोड आलाय, तवा फोन केलात तर मी घेईन. पण काय बोलायचं ते मला म्हाईत न्हाई.

सारजा


निमोणे
२३ जून २००२

सारजा,

उत्तराला उशीर झाला. फोनवर दोनदा आपण हवापाण्याचं बोललो, आईचं बोललो, म्हशीचं बोललो. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोंडी देता आलं नाही, कारण शाळा उघडेपर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अक्षर बघून घाबरू नकोस. सत्यजीतचं आहे. मी सांगतो, तो लिहितो. धार काढताना म्हशीनं हिसका दिला, हात जरा मुरगळलाय.

तू विचारलंस, शाळा सुटताना त्या रस्त्यावर काय असेल. मी असतो. शाळा भरताना आणि सुटताना, स्टँडावर मधोमध. शाळा उघडली त्या दिवसापासून. तुझं जुनं लाल लुगडं फाडून त्याचं फडकं केलंय, काठीला बांधलंय. रागावू नकोस, ते काठाला विरलंच होतं. पोरं जमली की फडकं वर करायचं, रस्ता अडवायचा, पोरं पलीकडे गेली की सोडायचा. एवढंच काम. प्रस्ताव लागत नाही, मोजमाप लागत नाही.

लोक थांबतात का? थांबतात. पहिल्या दिवशी एका कारवाल्यानं काच खाली करून नोट पुढं केली आणि विचारलं, "कुठल्या देवाची वर्गणी?" आपल्याकडे रस्ता अडवणारा म्हणजे वर्गणीवालाच, दुसरं काय वाटणार त्याला. मी म्हणालो, "पैसे न्हाई, दोन मिनटं द्या." त्यानं पैसे खिशात घातले आणि दोन मिनिटांसाठी मात्र तोंड वाकडं केलं. एक ट्रकवाला म्हणाला, "आबा, पाटी हाय की, तुमी कशाला उन्हात?" मी म्हणालो, पाटी वाचता येते का? म्हणाला, "येती. पण पाटी काई आडवी पडत न्हाई." बरोबरच आहे. आणि दुसऱ्या दिवशी तोच ट्रकवाला लांबूनच गियर टाकत आला आणि हात करून गेला. दंडाला भिऊन नाही, ब्रेकरला भिऊन नाही. ओळख झाली म्हणून. मला वाटतं माणसाला माणसाचीच भीड पडते, पण माझं हे मत फार पक्कं धरू नकोस. सगळे तसे नसतात.

मला बरं वाटतं तिथं उभं राहिल्यावर. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटतंय. पोरी हात धरून जातात. काही अपेक्षाच्या वर्गातल्या आहेत, आता सातवीत. त्यांची उंची बघवत नाही. तरी बघतो.

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पुरेसं नाही, हे मला ठाऊक आहे.

हौसराव

आई, इथून पुढं माझं मी लिहितोय. आप्पांना हे वाचून दाखवणार नाही.

म्हशीनं हिसका दिलेला नाही. गुरुवारी पहिली पाळी संपवून मी घरी येत होतो. शाळा सुटली होती, आप्पा फडकं वर करून उभे होते. मी गाडी तीसवर आणली. आता मी तिथं तीसवरच आणतो. माझ्या मागं एक जीप होती. तिला मी हळू झालेलो खपलं नाही. हॉर्न मारत माझ्या बाजूनं पुढं गेली. आप्पांनी काठी आडवी धरून पोरांना मागं ढकललं. पोरं वाचली. जीपचा आरसा आप्पांच्या हाताला लागून ते रस्त्यावर पडले. उजवा हात दोन जागी मोडलाय. जीप थांबली नाही. मी तिचा नंबर बघितला नाही, आप्पांकडे धावलो.

मी जोरात असतो तर ती माझ्या मागंच राहिली असती. हे डोक्यातून जात नाही. आप्पांना तसं म्हणालो तर म्हणाले, "तू हळू केलंस त्येच बरोबर. मागच्याचं पाप तू कशाला वाहतोस?" असं म्हणतात आणि रात्री जागेच असतात. मीही जागा असतो.

शुक्रवारी सकाळी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ते डाव्या हातात काठी घेऊन परत रस्त्यावर गेले. माझं ऐकत नाहीत, मास्तरांचं ऐकत नाहीत. शाळा सुटताना बेगमचाची काठी त्यांच्या हातातून काढून घेतात आणि स्वतः उभ्या राहतात. अनिस बाजूला खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या गाड्यांवर ओरडतो. त्या वेळची मला काळजी नाही.

पण सकाळी चाची अनिसला व्यायामाला शिरूरला नेतात आणि मी कंपनीत असतो. शाळा भरताना आप्पा एका हातानं एकटेच असतात. आई, सकाळी त्यांच्याजवळ कोणी नसतं.

सत्यजीत